गार डब्यातला तुकडा

१

"शून्य? अहो सर, शून्य कसं असेल?"

डॉ. बिलकीस काझी टेलिफोनवर इतक्या जोरात ओरडल्या, की कुंपणापलीकडे गायीच्या शेपटाशी उभे असलेले डॉ. मुंजाजी खिल्लारे दचकले. गायीनं तेवढ्यात संधी साधली आणि त्यांच्या पायावर खूर ठेवला. एरवी खिल्लाऱ्यांनी गायीची सात पिढ्यांची विचारपूस केली असती. आज ते लंगडत सरळ कुंपणाच्या खिंडारातून पलीकडे गेले.

खिल्लारे हिंगोलीच्या जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. उंचनिंच, आवाज मोठा, आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय दुपारचं जेवण गोड न लागणारा गडी. कोणाची म्हैस चोरीला गेली, कोणाच्या कडब्याला आग लागली, की पोलिसांच्या आधी हे हजर. पण आजची भानगड दुसऱ्याची नव्हती. आज गुंतला होता त्यांचा स्वतःचा डबा.

गोष्ट अशी होती. बिलकीसबाई मुंबईहून सर्जरी शिकून आल्या आणि जनावरांच्या दवाखान्याला लागूनच त्यांनी आपलं छोटं इस्पितळ काढलं. पंधरवड्यापूर्वी तिथं डोंगरकडा गावच्या सोजराबाईचं ऑपरेशन झालं होतं. वय पन्नाशीच्या पुढं, उजव्या छातीत गाठ. गाठ साधी नव्हती, कॅन्सरची होती. बिलकीसबाईंचे मुंबईचे गुरू अशा बायांना परदेशातून आलेल्या एका नव्या गोळीवर घेत होते, फुकट. अट एकच, गाठीचा तुकडा ताजा गोठवून मुंबईला पाठवायचा आणि त्यात 'रिसेप्टर' सापडले पाहिजेत.

पण हिंगोलीत तुकडा गोठवणार कशात? एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. अख्ख्या तालुक्यात तसली कडक थंडी एकाच ठिकाणी होती, खिल्लाऱ्यांच्या डब्यात. वळूच्या वीर्याच्या कांड्या ज्यात ठेवतात तो द्रव नायट्रोजनचा, अरुंद मानेचा, झाकण काढलं की पांढरा धूर सोडणारा डबा. बिलकीसबाईंनी मागितला आणि खिल्लाऱ्यांनी हसत दिला होता.

टेलिफोन ठेवून बिलकीसबाई मटकन खुर्चीत बसल्या. "खिल्लारे साहेब, त्या तुकड्यात एकही रिसेप्टर निघाला नाही. सोजराबाईला गोळी मिळणार नाही."

"आणि गोळी न्हाई मिळाली तर?"

"रोग काखेपर्यंत पोचला होता. मी हाताला लागलं तेवढं काढलं. गोळी नाही मिळाली तर वर्ष काढणंही अवघड आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि सरांना वाटतंय, तुमचा डबा गरम झाला."

"माझा डबा?" खिल्लारे असे उसळले, की भिंतीवरची पाल पळाली.

२

खिल्लाऱ्यांना आधी नीट समजून घ्यायचं होतं. "हे रिसेप्टर म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे? माझ्याशी बोलताना मी म्हैस आहे असं समजून सांगा."

एवढ्या काळजीतही बिलकीसबाईंना हसू फुटलं. "पंगत बसते ना, तसं समजा. पेशीच्या घरात पाट मांडलेले असतात. एकेका पाहुण्याचा पाट ठरलेला. इस्ट्रोजेन नावाचा पाहुणा येतो, आपल्या पाटावर बसतो आणि हुकूम सोडतो, वाढा, वाढा. काही गाठी त्याच हुकमावर वाढतात."

"इस्ट्रोजेन मला सांगता? गाय माजावर येते ती त्याच्याच जिवावर."

"तोच. आणि ही नवी गोळी काय करते? आधीच जाऊन त्या पाटावर ठाण मांडते. स्वतः काही हुकूम देत नाही, उठतही नाही. खरा पाहुणा दारात ताटकळतो आणि गाठ सुकायला लागते. सगळ्यांना लागू पडते असं नाही, पण पाट भरपूर असले तर निम्म्याहून जास्त बायांना पडते. पाटच नसेल तर गोळी बसणार कुठं?"

"वा!" खिल्लाऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे रोगाला न झोडपता त्याची बैठकच बळकवायची!"

"बराबर! आणि हे काही एकट्या कॅन्सरचं नाही. सांधे सुजले की आपण स्टेरॉइड देतो, तेही असंच पेशीतल्या आपल्या ठरलेल्या पाटावर बसतं आणि मग सूज उतरते. पुढची पन्नास वर्षं डॉक्टर लोक हे पाटच शोधत फिरणार आहेत, बघा तुम्ही." बोलताना त्यांचे डोळे चमकत होते, मग एकदम विझले. "पण हे पाट फार नाजूक. तुकड्याला जरा ऊब लागली की नाहीसे होतात. मग असलेलेही नसल्यासारखे दिसतात. आणि सर महिनाअखेरीला नवे रुग्ण घेणं बंद करणार आहेत."

"तुमाला काय वाटतं? सोजराबाईच्या गाठीत पाट होते?"

"ह्या वयात, अशा गाठीत, बहुतेक वेळा असतात. मला तर पैजेवर सांगावंसं वाटतं."

खिल्लारे उठले. डबा गरम झाला की नाही हे विचारायला कोणाकडं जायची गरज नव्हती. ते डब्यालाच विचारता येत होतं.

खिंडारातून ते आपल्या दवाखान्यात आले, डब्यातून एक कांडी चिमट्यानं काढली, कोमट पाण्यात वितळवली आणि थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग त्यांनी अशी आरोळी ठोकली, की बिलकीसबाई धावत आल्या.

"बघा! बघा तुमच्या डोळ्यांनी!"

काचेखाली नुसती यात्रा भरली होती. हजारो जीव वळवळत, एकमेकांना ढकलत पळत होते.

"गेल्या तीन महिन्यांच्या कांड्या हायेत ह्या. डबा एकदा जरी गरम झाला असता तर ह्यातला एक हलला नसता. माझा डबा निर्दोष आहे, बाई!"

"मग वाटेत? अन्सार नेताना?"

अन्सार म्हणजे बिलकीसबाईंचा धाकटा भाऊ. छोट्या डब्यात नायट्रोजन ओतून, त्यात तो तुकडा टाकून रेल्वेनं मुंबईला तोच घेऊन गेला होता.

"अन्सारला बोलवा," खिल्लारे म्हणाले, "आणि मुंबईला परत ट्रंककॉल लावा. मला तुमच्या सरांशी बोलायचंय."

३

अन्सार आला तोच हात जोडून. "आपा, कसम से, डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. पूर्णा स्टेशनला लोक जमले धूर बघायला. हवालदार म्हणाला, बॉम्ब हाय का? मी म्हटलं, बैलाचं औषध आहे. मनमाडला गाडी बदलली, तेव्हाही छातीशी धरून होतो. मुंबईत सरांच्या माणसानं झाकण काढलं, तर भसकन धूर आला. पूछ लो!"

ट्रंककॉल लागायला दुपार झाली. खिल्लारे टेलिफोनात एवढ्यानं बोलत होते, की तार नसती तरी मुंबईला ऐकू गेलं असतं. सरांनी सांगितलं, डबा पोचला तेव्हा आत नायट्रोजन शिल्लक होता. तुकडा दगडासारखा कडक होता. म्हणजे अन्सारही सुटला.

"मग सर, तुकडा दिसायला कसा होता?"

"तो मी पाहिला नाही. सहायकानं गोठलेलाच कुटून चुरा केला. सगळाच वापरला गेला, आता काही शिल्लक नाही. पण थांबा, तो एक गोष्ट म्हणत होता. चुरा पाण्यात कालवून फिरवला, तेव्हा वरचं पाणी लाल आलं. चांगलं लाल. त्याला वाटलं, रक्त असेल."

खिल्लाऱ्यांनी रिसीव्हर ठेवला आणि बिलकीसबाईंकडं वळले. "तुमी कापलेला तुकडा कोणत्या रंगाचा होता?"

"पांढुरका. करड्या झाकेचा. कच्च्या पेरूसारखा करकरीत, सुरी लावली की कर्र वाजणारा. आणि मी तो सलाइननं धुऊन, रक्त टिपून चांदीच्या कागदात गुंडाळला होता."

"मग लाल पाणी आलं कुठून? बाई, मी आयुष्यभर जनावरं उघडून बघून राहिलो. थेंबभर रक्तानं एवढं लाल होत न्हाई. असं लाल पाणी सोडतं मांस. मटण!"

"मटण?" बिलकीसबाई उठून उभ्या राहिल्या.

"तुकडा गरम झालाच न्हाई," खिल्लारे म्हणाले. त्यांचा आवाज आनंदानं चढला होता. "तुकडा बदलला. कोणीतरी तुमची गाठ काढून घेतली अन् तिच्या जागी बकऱ्याचं मटण ठेवलं. मुंबईनं तपासलं ते बकरं!"

४

आता प्रश्न एकच उरला. असलं काम करील कोण, आणि काहून?

डब्याची किल्ली म्हणावी अशी नव्हतीच. डबा राहायचा मलमपट्टीच्या खोलीत, आणि त्या खोलीचा मालक म्हणजे ड्रेसर रूपसिंग. गोरेगावच्या बाजूच्या तांड्यावरचा, कामाला वाघ, पण तोंडाला दार नसलेला माणूस.

"रूपसिंग, अन्सारला तुकडा कोणी काढून दिला?"

"म्या दिला की सायेब. डब्याच्या मुठीला दोऱ्यानं लटकावला व्हता. वर ओढला, कात्रीनं दोरा तोडला अन् पुडकं ह्यांच्या डब्यात टाकलं."

"दोऱ्याचा उरलेला तुकडा?"

"असंल की मुठीलाच. कोण सोडून राहिलंय."

खिल्लाऱ्यांनी झडप घातली. मुठीला वीतभर दोरा खरंच लोंबत होता. वरचा भाग काळ्या रेशमाचा, ऑपरेशनच्या टाक्यांचा. आणि खाली त्याला जोडलेला भाग जाड, पांढरा, गोधडी शिवायचा.

"बाई, पांढरा दोरा तुमचा?"

"अजिबात नाही. मी पूर्ण रेशमानं बांधलं होतं."

"म्हणजे चोरानं पुडकं कापून घेतलं, नवं पुडकं केलं, दोरा अपुरा पडला म्हणून हा जोडला." खिल्लाऱ्यांनी भिंग काढलं. "अन् रूपसिंग, तुला हे दिसलं न्हाई?"

"मला वाटलं डाक्टरीनबाईंनीच जोडलाय."

रूपसिंगची नजर मात्र जमिनीला खिळली होती. खिल्लाऱ्यांनी ते हेरलं. "रूप्या, काय लपवून राहिला? तू घेतला तुकडा?"

"न्हाई सायेब! सेवालाल महाराजांची आण!" मग तो हळूच म्हणाला, "म्या फकस्त बोललो. गायी घेऊन लोक येतात, धूर पाहून इचारतात, आत काय हाय? म्या सांगितलं, वळूचं बी हाय अन् डोंगरकड्याच्या सोजराबाईची..." तो थांबला. "लोक हसले. म्या बी हसलो."

बिलकीसबाई ताडकन उठल्या. त्यांचा हात उठतो की काय असं अन्सारला वाटलं. "शरम नाही वाटली? एका बाईच्या शरीराची गोष्ट बाजारात नेलीस?"

रूपसिंगनं मान खाली घातली. खिल्लाऱ्यांच्या मनात मात्र काहीतरी खटकन बसलं. आतापर्यंत ते शोधत होते की ह्या चोरीतून फायदा कोणाचा. पण ही चोरी फायद्यासाठी नसेल तर? ही चोरी लाजेसाठी असेल तर?

"बाई," ते म्हणाले, "मटण तुमच्या इस्पितळाच्या आवारात शिजतं का?"

"रोजच. नातेवाईक मागच्या अंगणात तीन दगडांवर चुली मांडतात. चांगुणा तर सासूसाठी दर बाजाराला रस्सा करते."

चांगुणा म्हणजे सोजराबाईची सून.

५

चांगुणा चुलीशी बसली होती. डॉक्टर मंडळी येताना दिसली तशी तिनं उजवा हात पदराखाली घेतला. खिल्लाऱ्यांनी ते पाहिलं आणि ते सरळ तिच्यापुढं जाऊन बसले.

"पोरी, हात दाखव."

तिनं दाखवला. बोटांना चिंधी गुंडाळली होती, खाली फोड.

"बाई, द्रव नायट्रोजननं थंडगार झालेल्या वस्तूला उघडं बोट लागलं की काय होतं?"

"भाजल्यासारखा फोड येतो," बिलकीसबाई पुटपुटल्या.

चांगुणा रडायलाच लागली. "म्या काय केलं न्हाई वो! पातेल्याची वाफ लागली, खरंच सांगते. आत्याबाईला इचारा."

खिल्लाऱ्यांनी चिंधी सोडली. फोड बोटांच्या पाठीवर होते, नखांच्या मागं. गोठलेलं पुडकं कोणी धरलं तर चिमटीत धरणार. फोड पेरांच्या टोकाला यायला पाहिजेत, पाठीवर नव्हे. पोरगी खरं बोलत होती. पण आत्याबाईचं नाव घेताना तिची नजर आतल्या खाटेकडं का गेली?

त्यांनी खिशातून दोरा काढला, पुन्हा उन्हात धरला. दोन दोरे जोडले होते ते कसे? दोन हातांनी जोडताना दोन्ही दोरे एकमेकांना वेढे घेतात. इथं काळा रेशमी दोरा ताठ होता आणि पांढरा त्याच्याभोवती वेढे घालून आवळला होता. पांढऱ्याचं टोक चपटं, चावलेलं, त्यावर काळी मिसरी.

"अरे देवा!" खिल्लारे स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाले. "असा दोरा मी बांधतो!"

"तुम्ही?" बिलकीसबाई दोन पावलं मागं सरल्या.

"अहो, माझा एक हात गायीच्या पोटात अडकलेला असतो तेव्हा. एका हातानं वेढे घालायचे अन् टोक दातात धरून ओढायचं. हा दोरा बांधणाऱ्याला एकच हात होता, बाई. दुसरा हात उचलता येत नव्हता!"

बिलकीसबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. उजव्या बाजूचं ऑपरेशन झाल्यापासून कोणाला उजवा हात वर उचलता येत नव्हता, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

खाटेवर सोजराबाई चहा पीत बसली होती. पितळी पेला तिनं डाव्या हातात घेतला होता, पण बोटांनी धरलेला नव्हता. तळव्यावर तोलला होता आणि बोटं लांब ठेवली होती.

"मावशी," खिल्लारे म्हणाले, "डाव्या हाताची बोटं दाखवता का जरा?"

सोजराबाईनं पेला खाली ठेवला. बोटं पुढं केली. अंगठा आणि दोन बोटं, तिन्हींच्या टोकांना सुकत आलेले फोड होते.

"आला व्हय तुमी," ती शांतपणे म्हणाली. "मला वाटलंच व्हतं, जनावरांचा डाक्टर येईल. माणसांच्या डाक्टरला तर सवडच न्हाई माझ्याशी बोलायला."

६

सोजराबाई लपवणारी बाईच नव्हती. डोंगरकड्याच्या पंचक्रोशीत सुईण म्हणून तिचा दरारा होता. अर्धा गाव तिच्या हातावर जन्मलेला.

"म्याच नेला," ती म्हणाली. "रूपसिंगाची जेवायची येळ बघितली, खिंडारातून गेले. वर ओढलं पुडकं, इंगळावानी भाजलं. तिकडं त्या सीताफळाखाली पुरलं."

"पण काहून, मावशी?"

"काहून?" तिचा आवाज चढला. "आजवर किती बायांची वार म्या ह्या हातानं मातीत पुरली. बाईच्या अंगातून निघालेलं उघड्यावर ठेवत न्हाईत, दादा. मातीत जातं ते. अन् तुमी माझं अंग कुठं ठेवलं? वळूच्या बियाच्या डब्यात! गायी घेऊन आलेले बाप्ये हसत व्हते. चुलीपाशी बसून माझ्या सुनेनं ऐकलं, मला येऊन रडत सांगितलं. मी अजून जित्ती हाय की मेले, हे बी कोणी इचारलं न्हाई मला."

"अन् मटण?" खिल्लाऱ्यांनी विचारलं.

"ह्या बाईच बोलत व्हत्या चांगुणाशी, तो तुकडा हरवला तर परत कापावं लागंल. मला परत कापून घ्यायचं नव्हतं. म्हणून चुलीपाशी मटण व्हतं त्यातली एक बोटी घेतली, चांदीचा कागद तोच, दोरा माझ्या गोधडीचा. पुडकं गेलं मुंबईला, माझी लाज राहिली. कोणाचं काय बिघडलं?"

कोणाचं काय बिघडलं! खिल्लारे बिलकीसबाईंना व्हरांड्यात घेऊन गेले. "हिला ठाऊक न्हाई?"

"तिचा मुलगा कोंडीबा पाया पडला होता, कॅन्सर हा शब्द तिच्यापुढं काढू नका, माय खचेल. सगळेच असं करतात, खिल्लारे साहेब. मुंबईतही करतात. साधी गाठ होती, काढली, एवढंच सांगितलंय तिला. आणि तुकडा कशासाठी ठेवला, ते मी कोंडीबाला सांगितलं, चांगुणाला थोडं सांगितलं. तिला नाही सांगितलं." त्यांचे डोळे भरून आले. "तिच्या हातानं तिनं स्वतःची गोळी पुरली, आणि कुदळ तिच्या हातात मी दिली."

"मग आता जाऊन सांगा."

"कोंडीबाला शब्द दिलाय..."

"कोंडीबाच्या अंगात हाय का गाठ?" खिल्लारे एवढ्यानं ओरडले, की चुलीपाशी बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. "ज्याची त्याला सांगा, बाई!"

बिलकीसबाई आत गेल्या. खाटेच्या कडेला बसल्या आणि सोजराबाईचा डावा हात हातात घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं. काखेपर्यंत पोचलाय ते सांगितलं. पाट, पाहुणा, गोळी, मुंबईचा निकाल, सगळं. काही झाकलं नाही. चांगुणा तोंडात पदर कोंबून उभी होती.

सोजराबाईनं बिलकीसबाईंकडं बघितलं, आणि त्या नजरेत संतापच होता.

"माझ्या जिवाची गोष्ट, अन् मला सोडून साऱ्या हिंगोलीला ठाऊक! अवो, म्या बाया मरताना बघितल्या, लेकरं मरताना बघितली. मी खचणार व्हय? मला सांगितलं असतं तर म्या त्या डब्याशी काठी घेऊन राखण बसले असते. कोणाची हिंमत व्हती हात लावायची!"

"चुकलं माझं, माय," बिलकीसबाई म्हणाल्या. "माफ कर मला."

"आता त्या सीताफळाखालचं उकरून काय उपेग?"

"काही नाही. त्यातले पाट केव्हाच गेले."

खिल्लाऱ्यांना पहिल्यांदाच आपल्या हुशारीचा राग आला. चोर सापडला, चोरी उलगडली, आणि बाई मात्र तिथंच. काय चाटायची होती ती हुशारी?

तेवढ्यात सोजराबाईनं मानेवरचा पदर बाजूला केला. गळ्याखालच्या हाडाच्या वर, खोबणीत, बोट ठेवलं. "ही बघा. हरभऱ्याएवढी. आप्रेशनच्या आधीपासून हाय. तुमी माझ्यापासून लपवलं, म्या बी तुमच्यापासून लपवली. परत कापतील म्हणून. हिच्यात असतील का वो ते पाट?"

बिलकीसबाईंनी बोट ठेवलं. दाबलं. कठीण, न हलणारी. त्यांनी खिल्लाऱ्यांकडं असं बघितलं, की खिल्लारे खिंडाराकडं पळतच सुटले. "रूपसिंग! डबा आण! अन् तोंड बंद ठेव!"

तोंड बंद ठेवायची गरज पडली नाही. मानेतला तुकडा काढला, धुतला, गोठवला, आणि सोजराबाई टाके पडल्या मानेनं स्वतः डब्यापर्यंत चालत आली. गायी घेऊन आलेले चौघे उभे होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"कॅन्सर हाय मला," ती खणखणीत म्हणाली. "त्याचा तुकडा हाय हा. मुंबईला जाऊन राहिला, माझं औषध आणायला. कोणाला हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या."

कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं. अन्सार त्याच दुपारच्या गाडीनं निघाला.

७

निकालाचा ट्रंककॉल आला तेव्हा खिल्लारे बिलकीसबाईंच्या टेबलाशीच ठाण मांडून बसले होते. गेले काही दिवस त्यांच्या दवाखान्यात आलेल्या जनावरांनी त्यांना पाहिलंच नव्हतं म्हणा ना. बिलकीसबाईंनी रिसीव्हर कानाला लावला. "हां सर... बोला सर..." आणि मग त्या खुर्चीवरून उठल्या आणि भिंतीला टेकल्या.

"आहेत?" खिल्लारे कुजबुजले. त्यांचा आवाज कुजबुजू शकतो हे कोणाला ठाऊक नव्हतं.

"भरपूर! सर म्हणतायत, एवढे त्यांनी क्वचित पाहिलेत! पाणीही स्वच्छ आलं, लाल नाही. महिना संपायच्या आत नाव गेलं, गोळ्या उद्या निघतायत!"

खिल्लाऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि शाईची दौत सांडली. ते दारातून बाहेर धावले, तर व्हरांड्यात सोजराबाईचा मुलगा कोंडीबा उभा. डोंगरकड्याहून आत्ताच उतरलेला, धुळीनं भरलेला. त्यानं आतलं सगळं ऐकलं होतं. त्यानं पुढं होऊन खिल्लाऱ्यांचे हात धरले.

"डाक्टर सायेब, देवासारखे धावलात. पण मायला आत्ताच काही सांगू नका. गोळी लागू पडली का न्हाई पडली, ते बघू आधी. उगंच आशा लावायची अन्..."

"कोंडीबा," खिल्लारे म्हणाले, "बाजूला हो."

"सायेब, माझी माय हाय ती."

"म्हणून तर. तुला मागून कळलं असतं तरी चाललं असतं. तिला आधी कळायला पाहिजे होतं." त्यांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं, पण मग त्याचाच हात धरून आत घेऊन गेले. "चल. तूच सांग. सगळं सांग. लागू पडेल हेही सांग, न पडली तर काय तेही सांग."

सोजराबाई खाटेवर बसून डाव्या हातानं केस विंचरत होती. कोंडीबा तिच्यासमोर उकिडवा बसला. सांगायचं त्यातलं बरंचसं मायला आधीच ठाऊक होतं. पण एकदा सुरुवात झाली तशी तो बोलतच सुटला, रडत, अडखळत, काही न झाकता. निम्म्याहून जास्त बायांना लागू पडते, सगळ्यांना पडत न्हाई, हेही त्यानं सांगितलं, आणि तेवढं सांगताना मायच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

सोजराबाईनं ऐकून घेतलं. फणी खाली ठेवली. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"एवढंच व्हतं?" ती म्हणाली. "मग एवढे दिवस एकटाच काहून वाहून राहिला रे लेकरा?"